थांबलेली गाडी आणि थांबवलेली गाडी : पश्चिम किनाऱ्यावरील लोहमार्ग, पर्जन्य व उत्तरदायित्व (१८५३–२०२१) – एक ऐतिहासिक अवलोकन

सारांश :
अतिवृष्टी, पूर आणि वादळ यांमुळे रेल्वेसेवा खंडित होण्याच्या घटनांकडे सामान्यतः नैसर्गिक आपत्ती म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात या घटनांचा विचार निर्णयप्रक्रियेच्या व उत्तरदायित्वाच्या अंगाने केला आहे. बोरघाटातील एकोणिसाव्या शतकातील अनुभव, १९५६ व १९६४ मधील मोठे अपघात, कोकण रेल्वेवरील २००३ व २००४ चे अपघात, मुंबईतील २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी आणि २०१९ व २०२१ मधील पूरप्रसंग यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, पाण्याने अडवलेल्या गाडीकडून पाण्यापूर्वीच विचारपूर्वक थांबवलेल्या गाडीकडे भारतीय रेल्वेचा प्रवास झाला आहे. मात्र जेथे धोक्याचे उगमस्थान व थांबवण्याचा अधिकार एकाच संस्थेच्या हाती होते तेथेच तो बऱ्याच अंशी पूर्ण झाला.

बीजसंज्ञा : लोहमार्ग, पर्जन्य, बोरघाट, कोकण रेल्वे, मिठी नदी, उपनगरी सेवा, उत्तरदायित्व.

प्रस्तावना :
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गावर भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. त्या घटनेचे वर्णन अनेक ग्रंथांतून आले आहे. चौदा डबे, तीन इंजिने व सुमारे चारशे निमंत्रित हा तपशीलही आता शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला आहे. तुलनेने दुर्लक्षित राहिलेली बाब अशी की, हा समारंभ उन्हाळ्यात झाला आणि जेमतेम दोन महिन्यांत त्या मार्गावर पहिला पावसाळा आला. पश्चिम किनाऱ्यावरील लोहमार्गाचा इतिहास तेव्हापासून दरवर्षी चार महिने पर्जन्याशी बांधला गेलेला आहे.

रेल्वेच्या इतिहासलेखनात भांडवल, व्यापार, कामगार, राष्ट्रवाद आणि नागरीकरण या विषयांना योग्य ते स्थान मिळाले आहे. सेवा खंडित होण्याचा इतिहास मात्र वृत्तपत्रीय वार्तांकनाच्या पलीकडे फारसा गेलेला नाही. गाडी बंद पडणे ही अपवादात्मक गोष्ट आहे, या गृहीतकामुळे असे झाले असावे. वस्तुतः गाडी केव्हा, कोठे व कोणाच्या आदेशाने थांबते यावरूनच त्या व्यवस्थेचे खरे स्वरूप कळते. सुरळीत चाललेल्या गाडीमागील अधिकाराची रचना सहसा दृष्टीस पडत नाही. थांबलेल्या गाडीच्या प्रसंगी ती उघड होते.

या दृष्टीने पुढील तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात :
१) पश्चिम किनाऱ्यावरील लोहमार्गांची उभारणी करताना पाण्याचा विचार कोणत्या स्वरूपात झाला?
२) मोठ्या अपघातांनंतर गाडी थांबवण्याच्या अधिकारात व पद्धतीत कोणते बदल झाले?
३) कोकण रेल्वे व मुंबईची उपनगरी रेल्वे यांनी पावसाला दिलेल्या प्रतिसादात भेद का दिसतो?

घाट आणि खाजण : उभारणीचा काळ
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. या करारान्वये कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी मिळाली. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्यासमोर भूरचनेचे दोन भिन्न प्रश्न उभे होते. पहिला प्रश्न मुंबई बेट व साष्टी यांच्या दरम्यानच्या सखल खाजण जमिनीचा, आणि दुसरा सह्याद्रीच्या कड्यांचा.

खाजणातून मार्ग नेण्यासाठी मातीचा भराव घालून त्यावर रूळ टाकण्यात आले. १८५४ मध्ये मार्ग ठाण्याच्या खाडीवरील पूल ओलांडून कल्याणपर्यंत पोहोचला. भराव हा रुळांच्या दृष्टीने संरक्षक असतो, कारण तो त्यांना पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवतो. परंतु आजूबाजूच्या जमिनीच्या दृष्टीने तोच भराव बांधासारखा असतो. पूर्वी विस्तीर्ण खाजणात पसरून ओहोटीबरोबर समुद्रात जाणारे पाणी आता भरावाखालील ठरावीक मोऱ्यांतून जाऊ लागले. शीव येथील बांधरस्ता १८०३ मध्ये पूर्ण झाला होता आणि माहीमचा बांधरस्ता १८४० च्या दशकात तयार झाला होता. त्यांच्या जोडीला रेल्वेचे भराव आले व मिठी नदीच्या मुखाकडील प्रवाह अधिकच बांधला गेला. त्या काळी भोवती शेते, मिठागरे व मोकळी जमीन असल्यामुळे या बदलाचा उपसर्ग जाणवला नाही.

बोरघाटातील प्रश्न याहून वेगळा होता. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या अंतरात १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे आणि अनेक उंच दगडी पूल असे या कामाचे स्वरूप होते. १८६१ च्या सुमारास येथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पावसाळ्यात उघड्यावरील कामे जवळजवळ ठप्प होत, मजुरांचे लोंढे गावी परतत आणि पटकीसारख्या साथींनी छावण्या उद्ध्वस्त होत. मजुरांच्या मृत्यूंचा अंदाज हजारोंच्या घरात जातो. अशा रीतीने, गाड्या धावू लागण्यापूर्वीच पर्जन्याने या मार्गाचे वेळापत्रक ठरवून टाकले होते. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला.

अवघ्या चार वर्षांनी, १८६७ च्या जुलै महिन्यात, याच घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. या घटनेने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक म्हणजे बांधकामातील उणिवा कोरड्या ऋतूत झाकलेल्या राहतात, त्या पावसाळ्यात उघड्या पडतात. दुसरी अशी की, घाटमार्गाची सुरक्षितता केवळ बांधकामावर विसंबून ठेवता येत नाही. त्यासाठी मार्गावर सतत माणसाची नजर असावी लागते. पुढे भारतीय रेल्वेत रूढ झालेली पावसाळी गस्त याच जाणिवेचे संस्थात्मक रूप होय. हातात कंदील, खांद्यावर अवजारे आणि धोक्याची सूचना देण्यासाठी रुळावर ठेवावयाचे फटाके घेऊन रात्रभर ठरावीक अंतर पायी तुडवणारा गस्तवाला हा या व्यवस्थेचा पाया आहे. दरड दिसताच दोन्ही बाजूंच्या गाड्या रोखण्याचा अधिकार या शेवटच्या श्रेणीतील कर्मचाऱ्याला देण्यात आला, ही बाब प्रशासकीय इतिहासाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे.

पूल, पूर आणि उत्तरदायित्वाची कल्पना : १९५६ ते १९६४
घाटातील गस्तीची व्यवस्था दरडीपुरती उपयुक्त असली तरी नदीच्या पुरापुढे ती अपुरी पडते. पुरात पुलाचा पाया खचतो तो पाण्याखाली, आणि वरून जाणाऱ्या माणसाच्या नजरेस तो पडत नाही. स्वातंत्र्योत्तर काळात या मर्यादेची जाणीव करून देणाऱ्या दोन घटना १९५६ या एकाच वर्षी दक्षिण भारतात घडल्या. सप्टेंबरमध्ये महबूबनगरनजीक पूल खचून गाडी कोसळली आणि नोव्हेंबरमध्ये तमिळ प्रदेशातील अरियलूरजवळ पुराने पूल वाहून गेल्याने दुसरा भीषण अपघात झाला. दोन्ही अपघातांत प्रत्येकी शंभराहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. तत्कालीन रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी पहिल्या अपघातानंतर दिलेला राजीनामा पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी स्वीकारला नाही. दुसऱ्या अपघातानंतर दिलेला राजीनामा मात्र स्वीकारला गेला.

हा राजीनामा राजकीय नीतिमत्तेचा आदर्श म्हणून वारंवार उद्धृत केला जातो. रेल्वेच्या इतिहासात त्याचा आणखी एक अर्थ आहे. पुरामुळे झालेला अपघात ही ‘दैवी आपत्ती’ आहे असे म्हणून राज्यसंस्थेला मोकळे होता येणार नाही, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. पूर निसर्गनिर्मित असतो. पुरात खचू शकणाऱ्या पुलावर गाडी सोडणे हा मात्र मानवी निर्णय असतो.

आठ वर्षांनी, डिसेंबर १९६४ मध्ये, चक्रीवादळ रामेश्वरम बेटावर आदळले. धनुष्कोडीच्या वाटेवर असलेली प्रवासी गाडी समुद्राच्या लाटेखाली सापडून त्यातील शंभराहून अधिक लोक प्राणास मुकले. धनुष्कोडीचा मार्ग नष्ट झाला आणि पांबन सेतूचीही मोठी हानी झाली. तरुण अभियंता ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत पांबन सेतू पुन्हा उभा राहिला. दुरुस्तीच्या या वेगाची ख्याती मोठी आहे. परंतु त्याच पुलावर पुढे आलेली एक व्यवस्था प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. तेथे वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र सिग्नलशी जोडण्यात आले. वाऱ्याने ताशी ५८ किलोमीटरची मर्यादा ओलांडताच सिग्नल लाल होत असे आणि गाडी पुलाच्या अलीकडेच थांबत असे. गाडी थांबवण्याचा निर्णय येथे व्यक्तीच्या धैर्यावर किंवा अंदाजावर सोडलेला नव्हता. तो पूर्वनिश्चित मर्यादेवर सोपवलेला होता. गस्तवाल्याच्या कंदिलापासून वायुवेगमापकापर्यंतची ही वाटचाल तांत्रिक तर आहेच, पण ती उत्तरदायित्वाच्या कल्पनेतील स्थित्यंतरही दर्शवते.

कोकण रेल्वे : वेळापत्रकात सामावलेला पाऊस
श्रीधरन यांच्याच नेतृत्वाखाली १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने रोहा ते मंगळूरुनजीकचे ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग उभारला. २६ जानेवारी १९९८ रोजी तो पूर्णपणे खुला झाला. ९१ बोगदे, जवळजवळ दोन हजार लहानमोठे पूल आणि डोंगर कापून काढलेल्या असंख्य खोल कटिंग यांमुळे हा मार्ग अभियांत्रिकीच्या दृष्टीने गौरवला गेला. तथापि जांभ्या दगडाचा व मऊ मातीचा उतार कापला की त्याचा समतोल ढळतो आणि कोकणातील पावसात तो पुन्हा स्थिर होण्यास अनेक वर्षे लागतात, ही गोष्ट मार्ग सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही पावसाळ्यांत प्रकर्षाने पुढे आली.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे येणारी सुट्टीची विशेष गाडी रुळावर आलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासच्या वर प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, १६ जून २००४ रोजी, रायगड जिल्ह्यातील करंजाडीनजीक मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावर पडलेल्या दगडांमुळे घसरून पुलावरून खाली कोसळली व पुन्हा जीवितहानी झाली. दोन्ही अपघात जूनमध्ये, म्हणजे पावसाच्या पहिल्याच माऱ्यात घडले.

या अपघातांनंतर महामंडळाने योजलेले उपाय दोन प्रकारचे होते. पहिल्या प्रकारात उताराचे मजबुतीकरण येते : कटिंगचा उतार कमी करणे, धोकादायक धोंडे काढून टाकणे, कड्यांवर लोखंडी जाळ्या बसवणे आणि उताराची हालचाल टिपणारी उपकरणे लावणे. दुसऱ्या प्रकारात वाहतुकीचे नियमन येते. पावसाळ्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक लागू करण्याची पद्धत येथे रुजली. दीर्घकाळ हे वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर या काळात अमलात असे. त्यात गाड्यांचा वेग मुळातच कमी धरलेला असतो, आणि मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाल्यास वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणण्याच्या सूचना लोकोपायलटला असतात. निवडक स्थानकांवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले गेले. सावित्री, वाशिष्ठी व काळी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी कळवणारी यंत्रणा आली. मांडवी, झुआरी व शरावती यांच्या पुलांवर आणि रत्नागिरीनजीकच्या पानवल सेतूवर वायुवेगमापक लावण्यात आले.

या उपायांमधील वैचारिक बदल सूक्ष्म पण मूलगामी आहे. इतरत्र विलंब हा वेळापत्रकाचा भंग समजला जातो. येथे तो वेळापत्रकाचाच भाग झाला. चार महिने गाडी उशिरा पोहोचणार हे प्रवाशाला तिकीट काढतानाच ठाऊक असते. पावसाला शरण न जाता आणि त्याच्याशी स्पर्धाही न करता त्याच्या गतीने चालण्याची ही पद्धत आहे. दरडी कोसळण्याचे थांबले, असा याचा अर्थ नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पेडणे येथील बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळून गाड्या अन्य मार्गाने वळवाव्या लागल्या, आणि जुलै २०२४ मध्ये खेड तालुक्यातील दिवाणखवटीनजीक दरड आल्याने वाहतूक जवळजवळ एक दिवस बंद राहिली. परंतु २००३ च्या प्रमाणातील जीवितहानी दरडीमुळे पुन्हा झाली नाही. वाहतूक खंडित झाली, प्रवाशांचे हाल झाले, तरी त्यांचे प्राण वाचले.

मुंबई : कुंपणापलीकडचे पाणी
कोकण रेल्वेचा हा अनुभव मुंबईच्या उपनगरी रेल्वेला जसाच्या तसा लागू होत नाही. त्याचे कारण पाण्याच्या उगमात आहे. कोकणात दरड कोसळणारा उतार बहुधा रेल्वेच्याच हद्दीत वा तिला लागून असतो. मुंबईत रुळांवर साचणारे पाणी मात्र रेल्वेचे नसते. ते शहराचे असते.

उपनगरी मार्गाच्या दोन्ही बाजूंची मोकळी जमीन विसाव्या शतकात झपाट्याने वस्तीखाली आली. रेल्वेनेच वस्तीला आमंत्रण दिले, आणि वस्तीने पाणी मुरण्याची जागा व्यापली. १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर पहिली विद्युत गाडी धावली, तेव्हा कुर्ला हे शहराचे टोक होते. पुढील अर्धशतकात ते मध्यभागी आले. विहार व पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन सुमारे १८ किलोमीटर वाहणारी मिठी नदी विमानतळ, कारखाने व दाट वस्ती यांच्या कचाट्यात सापडून अरुंद झाली. ज्या मोऱ्या एके काळी शेतातील पाणी वाहून नेण्यासाठी पुरेशा होत्या, त्यांच्यावर काँक्रीटने झाकलेल्या पाणलोट क्षेत्राचा भार पडला. भरावही आता पूर्वीसारखा उंच राहिला नाही. भोवतालचे रस्ते डांबराच्या थरांवर थर चढून वर येत गेले आणि कुर्ला, शीव, चुनाभट्टी, मशीद, नालासोपारा अशा ठिकाणी रूळच सखल ठरले.

शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाचा हिशेब धरून रचलेली होती. तिची अनेक मुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने भरतीच्या वेळी समुद्राचेच पाणी आत येण्याचा धोका असे. १९८५ मधील पुरानंतर हाती घेतलेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अभ्यासाचा अहवाल १९९३ मध्ये सादर झाला. त्यात ताशी ५० मिलिमीटर क्षमतेची व उदंचन केंद्रांची शिफारस होती. पुढील बारा वर्षे तिच्या अंमलबजावणीची गती मंद राहिली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाबा येथे त्याच काळात अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहरातील ही तफावत रेल्वेच्या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण होती. दक्षिण मुंबईतील कचेऱ्यांमधून निघालेल्या लोकांना उपनगरांतील पावसाच्या भयानकतेची कल्पना नव्हती. दुपारी चारच्या सुमारास समुद्रालाही मोठी भरती होती. गाड्या जागच्या जागी थांबल्या, दिवसाकाठी साठ लाखांहून अधिक प्रवासी वाहून नेणारी सेवा कोलमडली आणि असंख्य प्रवाशांनी ती रात्र डब्यांत, फलाटांवर किंवा रुळांवरून चालत काढली. राज्यभरात त्या काही दिवसांत हजारांहून अधिक बळी गेले.

गाड्या बंद पडण्याची प्रक्रिया येथे समजून घेणे आवश्यक आहे, कारण सर्वसाधारण चर्चेत तिचा विपर्यास होतो. रुळांतून अल्प दाबाचा विद्युतप्रवाह सोडून गाडीचे स्थान ओळखणारी ‘ट्रॅक सर्किट’ व्यवस्था असते. खडी पाण्याखाली गेली की हा प्रवाह पाण्यातून वाट काढतो. मार्ग रिकामा असूनही तो व्यापलेला असल्याचा संकेत मिळतो व सिग्नल लाल होतो. पुढे सांधे बदलणारी यंत्रे निकामी होतात. रुळांवर काही इंच पाणी चढले की डब्यांखालील मोटारींना अपाय होण्याचा संभव निर्माण होतो. यापैकी पहिली पायरी हा व्यवस्थेचा बिघाड नसून तिचे संरक्षण होय : शंका येताच थांबणे हे तिचे मूलतत्त्व आहे. पाण्याखालील मार्गावरून गाडी न्यावयाची झाल्यास दोन माणसांनी स्लीपरच्या दोन्ही टोकांवरून बरोबरीने चालत जाऊन मार्ग शाबूत असल्याची खातरी करावी, असा दंडक रेल्वेच्या नियमांत आहे. तो दंडक कमी वर्दळीच्या मार्गासाठी व्यवहार्य आहे. दर तीन-चार मिनिटांनी गाडी धावणाऱ्या उपनगरी मार्गावर मात्र एका ठिकाणचा लाल सिग्नल काही मिनिटांतच मागच्या डझनभर गाड्यांना दोन स्थानकांच्या मध्ये अडकवतो. अशा प्रकारे एका गाडीचे संरक्षण करणारी व्यवस्थाच इतर गाड्यांतील हजारो प्रवाशांना पाण्याच्या मध्यभागी नेऊन ठेवते.

या आपत्तीनंतर ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने मार्च २००६ मध्ये अहवाल दिला. समितीने प्रशासकीय विभागांऐवजी पाणलोट क्षेत्र हा नियोजनाचा आधार मानण्यावर भर दिला. २०११ नंतर टप्प्याटप्प्याने हाजीअली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध ही उदंचन केंद्रे कार्यान्वित झाली. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले गेले आणि जून २०२० मध्ये पूर्वसूचना देणारी ‘आयफ्लोज’ प्रणाली सुरू झाली. रेल्वेने रूळ उचलले, मोऱ्या वाढवल्या, सँडहर्स्ट रोड परिसरात सूक्ष्मबोगदा पद्धतीने रुळांखालून नव्या वाहिन्या टाकल्या. याचा लाभ निश्चित झाला. तरीही २९ ऑगस्ट २०१७ रोजी उपनगरी सेवा पुन्हा कोलमडली. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा येथे रूळ पाण्याखाली गेले आणि ५ ऑगस्ट २०२० रोजी मशीद व भायखळा यांच्या दरम्यान दोन गाड्या अडकून सुमारे २९० प्रवाशांना बाहेर काढावे लागले.

याचे कारण उपायांच्या अभावापेक्षा त्यांच्या विभाजनात शोधावे लागते. रुळांखालील मोरी रेल्वेची, तिला मिळणारा नाला महापालिकेचा, नदीच्या काठची जमीन अन्य प्राधिकरणाची आणि पावसाचा अंदाज हवामान खात्याचा, अशी स्थिती आहे. नालेसफाईच्या हंगामात या संस्थांच्या संयुक्त पाहण्या होतात, परंतु पाणी या हद्दी मानीत नाही. मोरी कितीही रुंद केली तरी तिच्या पुढील नाला अरुंद असेल तर त्या रुंदीचा उपयोग होत नाही.

वांगणी व चिपळूण : थांबण्याची जागा
अलीकडच्या दोन घटनांची तुलना या विवेचनास पूरक ठरते. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या मध्ये अडकली. सुमारे १,०५० प्रवासी अन्नपाण्यावाचून तासन्‌तास डब्यांत होते. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, स्थानिक प्रशासन व ग्रामस्थ यांच्या साहाय्याने त्यांची सुटका झाली. कोणीही दगावले नाही, ही बचावकार्याची फलश्रुती होय. परंतु गाडी थांबली ती दोन स्थानकांच्या मध्ये, पुराच्या वेढ्यात.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण शहर बुडाले. चिपळूण व कामथे यांच्या दरम्यान पुलावरील पाणी धोक्याच्या पातळीवर पोहोचताच कोकण रेल्वेने वाहतूक थांबवली. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांतील सुमारे सहा हजार प्रवासी अडकून पडले. मात्र गाड्या निरनिराळ्या स्थानकांवर रोखून धरण्यात आल्या होत्या, त्यामुळे प्रवाशांना खाण्यापिण्याची सोय उपलब्ध करून देता आली. नदी कोकण रेल्वेच्याही मालकीची नव्हती. परंतु नदीची पातळी सांगणारे मापक तिच्या पुलावर होते, आणि त्या मापकाच्या आधारे निर्णय घेण्याचा अधिकारही तिच्याकडे होता.

दोन्ही प्रसंगी सेवा खंडितच झाली, आणि दोन्ही प्रसंगी सर्व प्रवासी वाचले. फरक आहे तो थांबण्याच्या जागेचा. पहिल्या प्रसंगी जागा पाण्याने निवडली, दुसऱ्या प्रसंगी माणसाने. प्रवाशाच्या दृष्टीने हा फरक एका रात्रीच्या भयाएवढा मोठा आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.
१) पश्चिम किनाऱ्यावरील लोहमार्ग हा पर्जन्याचा केवळ बळी नाही. भराव, कटिंग व मोऱ्या यांच्याद्वारे त्याने पाण्याच्या वाटा बदलल्या आहेत. रेल्वेसेवा खंडित होण्याचा इतिहास हा या बदललेल्या वाटांचाही इतिहास आहे.
२) १८६७ ते १९६४ या काळातील अपघातांनी गाडी थांबवण्याचा अधिकार प्रथम गस्तवाल्याकडे, नंतर यंत्राकडे व पूर्वनिश्चित मर्यादेकडे सोपवला. १९५६ मधील राजीनाम्याने नैसर्गिक आपत्तीतही उत्तरदायित्व असते, हे तत्त्व अधोरेखित केले.
३) कोकण रेल्वेने पावसाला वेळापत्रकात स्थान दिले, मुंबईच्या उपनगरी व्यवस्थेत पाऊस अद्यापही अपवाद म्हणून हाताळला जातो. कोकणात धोक्याचे स्थान, मोजमाप व निर्णय एका संस्थेच्या कक्षेत आले, तर मुंबईत ते अनेक संस्थांत विभागलेले राहिले, हे या भेदाचे प्रमुख कारण आहे.
४) ‘गाड्या बंद पडल्या’ या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन भिन्न घटना झाकल्या जातात : पाण्याने अडवलेली गाडी आणि पाण्यापूर्वी थांबवलेली गाडी. सेवेचे मूल्यमापन करताना किती गाड्या रद्द झाल्या यासोबत किती गाड्या स्थानकावर थांबल्या व किती मध्येच अडकल्या, याचीही नोंद होणे आवश्यक आहे.

मुंबईसारख्या शहरात सेवा काही तास आगाऊ थांबवण्याचा निर्णय सोपा नाही. अंदाज चुकल्यास लाखो लोकांचा रोजगार बुडतो आणि टीका निर्णय घेणाऱ्यावर होते. गाडी पाण्यात अडकल्यास मात्र दोष पावसाला देता येतो. हा विषम न्याय जोवर कायम आहे तोवर वेळीच थांबण्याचे धैर्य प्रशासनात रुजणे कठीण आहे. रुळांची उंची व मोऱ्यांची रुंदी वाढवण्याचे काम अभियंत्यांचे आहे. थांबण्याचा निर्णय वेळेवर घेणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याचे काम समाजाचे आहे, आणि पावणेदोनशे वर्षांच्या या इतिहासातील ते सर्वांत अपुरे राहिलेले काम आहे.